एसडीआर घेताय? फिल्टरचे पैसे आधी बाजूला काढा

संध्याकाळी सातनंतर ४० मीटर बँडवर डोंगल लावून बसलेल्या नव्या हॅमची तक्रार ठरलेली असते. वॉटरफॉलवर सिग्नलांची गर्दी दिसते, पण धड ऐकू काहीच येत नाही. ७.१०० मेगाहर्ट्झवर कुणीतरी बोलत असतं आणि त्याच्या मागे कुठल्या तरी परदेशी नभोवाणी केंद्राचं संगीत वाजत असतं. गेन वाढवला की आवाजाऐवजी गोंधळच वाढतो. मग क्लबमधला एखादा जाणकार सांगतो, "हा ८ बिटचा आहे, १४ बिटचा घ्या." चार-पाच हजारांत सुरू झालेला छंद पंचवीस हजारांवर जातो, आणि पुष्कळदा तक्रार होती तिथेच राहते.

पैसे घालायला माझी हरकत नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. बलवान सिग्नलांचा त्रास कमी करण्यासाठी पहिला रुपया अँटेना आणि रिसीव्हर यांच्या मधल्या जागेवर खर्च व्हायला हवा, म्हणजे अ‍ॅटेन्युएटर आणि फिल्टरवर. त्यानंतरही अडचण उरली, तर ती नेमकी कसली आहे हे तोवर कळलेलं असतं आणि नवा रिसीव्हर निवडणं सोपं जातं. पुढच्या सगळ्या किमती गोल आकड्यांत आहेत. यातला बराच माल बाहेरून येतो, त्यामुळे डॉलर हलला की त्या हलतात.

बिटांचा हिशेब

डायनॅमिक रेंज म्हणजे एकाच वेळी किती मोठा आणि किती लहान सिग्नल रिसीव्हर सांभाळू शकतो, यातलं अंतर. ते डेसिबलमध्ये मोजतात. एसडीआरमध्ये अँटेनाकडून येणारी लहर एडीसी आकड्यांत बदलतो, आणि प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डीबी मिळतात. ८ बिटला कागदावर ५० डीबी, १४ बिटला ८६, १६ बिटला ९८. यात आणखी एक भर पडते. रुंद पट्टा घेऊन त्यातला अरुंद तुकडा ऐकला की बाकीचा गोंगाट गाळला जातो. २.४ मेगाहर्ट्झ रुंदीच्या डोंगलवर २.४ किलोहर्ट्झचा एसएसबी ऐकला तर गुणोत्तर हजाराचं, म्हणजे ३० डीबींचा फायदा. अशा रीतीने ८ बिटचा डोंगलही ८० डीबींच्या आसपास जातो.

आता बँडवर काय असतं ते पाहू. एचएफवर एस ९ म्हणजे उणे ७३ डीबीएम, आणि एस मीटरचा प्रत्येक आकडा ६ डीबींचा. पूर्ण लांबीच्या डायपोलवर ४१ मीटर बँडमधलं नभोवाणी केंद्र संध्याकाळी एस ९ च्या वर ४० डीबी, म्हणजे उणे ३३ पर्यंत सहज येतं. २००९ च्या मार्चअखेर नभोवाणी केंद्रांनी ७.१ ते ७.२ हा भाग हौशी रेडिओसाठी मोकळा केला, पण ७.२ च्या वर ती आहेतच, आणि आपला बँड तिथेच संपतो. शेतावरच्या शांत घरी एस ३ ने येणारं स्टेशन उणे १०९ वर असतं. दोघांतलं अंतर ७६ डीबी. कागदावर डोंगलला ते जमायला हवं. प्रत्यक्षात तशी केंद्रं एकाच वेळी चार-पाच असतात, एडीसीसमोर त्यांची बेरीज जाते, आणि एडीसीच्या आधीचा अ‍ॅम्प्लिफायर किंवा मिक्सर त्याआधीच थकलेला असतो. म्हणून ८० चे ८० कधी हाती लागत नाहीत.

जुन्या अ‍ॅनालॉग सेटमध्ये बलवान सिग्नलचा त्रास हळूहळू वाढत जायचा. एडीसी मात्र काठापर्यंत नीट चालतो आणि काठ ओलांडला की त्या क्षणी सगळा बँड बिघडवतो. नवख्याला वाटतं, यंत्रच खराब आहे.

फुकट होणारी कामं

पहिली गोष्ट गेनची. अँटेना काढून गोंगाटाची पातळी पाहा, मग अँटेना लावा. पातळी ८ ते १० डीबींनी वर गेली तर संवेदनशीलता पुरेशी आहे. त्यापुढे वाढवलेला गेन दुबळ्या स्टेशनला काहीच देत नाही, बलवानाला मात्र एडीसीच्या काठाशी नेऊन सोडतो. सॉफ्टवेअरमधला आपोआप गेन बंद करून हाताने कमी करत जा. एसडीआर शार्प, एसडीआर प्लस प्लस, एचडीएसडीआर ही सगळी फुकट मिळतात आणि तिन्हींत ही सोय आहे.

शहरात तर पुष्कळ वाव असतो. ४० मीटरवर चांगल्या सेटचा स्वतःचा गोंगाट एसएसबीच्या रुंदीत उणे १२५ च्या आसपास असतो. सोसायटीतले एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट आणि सोलर इन्व्हर्टर मिळून बँडचा गोंगाट एस ५ वर, म्हणजे उणे ९७ वर आणून ठेवतात. जवळजवळ २८ डीबी वापराविना पडून आहेत. वळवाच्या दिवसांत आभाळातल्या कडकडाटाने तो आणखी वर जातो. अशा ठिकाणी प्रीअ‍ॅम्प लावणं म्हणजे अडचण विकत घेणं. उलट १०, कधी २० डीबी अ‍ॅटेन्युएशन लावलं तरी ऐकण्यात काही गमावत नाही आणि बलवान सिग्नलांसाठी तेवढी जागा मोकळी होते.

आणखी एक, सिग्नलांचा त्रास आणि गोंगाटाचा त्रास वेगळे आहेत. शेजारच्या चार्जरची खरखर २,००० रुपयांच्या रिसीव्हरवर जशी येते तशी दोन लाखांच्या सेटवरही येते. तिथे फेराइट, अँटेनाची जागा आणि शेजाऱ्याशी गोड बोलणं यांचाच उपयोग. आपल्याकडे पोहोचणारा खरा बँड कसा आहे हे ताडून पाहायचं असेल, तर इंटरनेटवर खुला असलेला जवळपासचा एखादा किवीएसडीआर उघडा. तो १४ बिटचा आहे. तुमच्या डोंगलवर दिसणारं स्टेशन त्यावर नसेल तर ते बहुधा तुमच्या पेटीतच जन्मलेलं आहे.

पन्नास रुपयांचे रोध, तीनशेची डबी

ही खात्री घरच्या घरी करायची तर एक १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर हवा. तयार एसएमए अ‍ॅटेन्युएटर ऑनलाइन चार-सहाशेला मिळतो, पण बनवायला अर्धा तास पुरे. मध्ये ६८ ओहमचा रोध, त्याच्या दोन्ही टोकांकडून जमिनीला १०० ओहमचा एकेक. मेटल फिल्म, पाव वॅट. वायर गुंडाळलेले रोध घेऊ नका, ते कॉइलसारखे वागतात. हे गणित ५० ओहमच्या बाजूला ५०.३ ओहम दाखवतं आणि ९.७ डीबी कमी करतं, आपल्या कामाला पुरेपूर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत रोध काही रुपयांत मिळतात. खर्च होतो तो दोन बीएनसी सॉकेट आणि पत्र्याच्या डबीवर. रोधांचे पाय जितके आखूड ठेवाल तितका तो वरच्या वारंवारतेवर खरा वागेल.

डबी अँटेनाच्या वायरमध्ये घाला आणि संशयित सिग्नलकडे पाहा. तो १० डीबींनी खाली आला तर तो बाहेरून येतोय. २० किंवा ३० डीबींनी कोसळला तर तो रिसीव्हरच्या आत दोन बलवान सिग्नलांच्या मिश्रणातून तयार झालाय. दोन वारंवारतांची साधी बेरीज-वजाबाकी दुप्पट वेगाने पडते, तिसऱ्या क्रमाचं मिश्रण तिप्पट. अ‍ॅटेन्युएटरचं सगळं सामर्थ्य याच गणितात आहे: खरं स्टेशन दहाने कमी होतं आणि खोटं तीसने.

एक अपवाद लक्षात असू द्या. आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही३ डोंगल एचएफवर थेट २८.८ मेगाहर्ट्झने नमुने घेतो. त्यामुळे १४.४ च्या वरचं सगळं आरशातल्यासारखं खाली उलटतं. १३ मीटरचा नभोवाणी बँड २१.४५ ते २१.८५ मेगाहर्ट्झ. २८.८ मधून वजा करा: ७.३५ ते ६.९५. दिवसा ४० मीटरवर ऐकू येणारं अनोळखी नभोवाणी केंद्र पुष्कळदा हेच असतं. ही प्रतिमा अ‍ॅटेन्युएटरने दहाच डीबी उतरते, म्हणजे चाचणी तिला खरं ठरवते. तिथे १४ मेगाहर्ट्झखालचा लो-पास फिल्टर लावल्याशिवाय इलाज नाही. व्ही४ मध्ये एचएफसाठी अपकन्व्हर्टर असल्याने हा आरसा येत नाही. दोघांच्या किमतीत फार फरक नाही, आपल्याकडे चार ते सहा हजारांच्या घरात, म्हणून एचएफसाठी नव्याने घेत असाल तर व्ही४ घ्या.

पुण्या-मुंबईची खास अडचण

पुण्यात आणि मुंबईत रेडिओ सिटी ९१.१ वर आणि मिर्ची ९८.३ वर. वजाबाकी करा: ७.२. मुंबईत आणखी ९३.५ आणि १००.७ ही जोडी आहे, तीही ७.२ च देते. एफएमच्या मनोऱ्याजवळ राहणाऱ्याच्या रिसीव्हरच्या पहिल्याच टप्प्यात या जोड्या मिसळल्या, की ४० मीटरच्या वरच्या टोकाला एक रुंद, सळसळता डाग उमटतो. प्रत्येक केंद्र दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत झुलतं, म्हणून वजाबाकी १५० पर्यंत झुलते आणि डाग ७.०५ पासून ७.३५ पर्यंत पसरू शकतो. एसएसबीवर तो नुसता खरखराट वाटतो, म्हणून माणसं गोंगाट समजून सोडून देतात. ओळखायचं कसं? गाण्यांच्या मधल्या शांत क्षणी डाग अरुंद होतो आणि निवेदक बोलू लागला की फुगतो. रिसीव्हर एफएम मोडवर टाकून पाहा, दोन कार्यक्रम एकमेकांत मिसळलेले ऐकू आले तर शंकाच नको.

इथे १४ बिट मदत करत नाहीत, कारण बिघाड एडीसीच्या आधी झालेला आहे. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा तयार फिल्टर दीड ते अडीच हजारांत येतो. फक्त एचएफ ऐकत असाल तर ३० मेगाहर्ट्झचा सात घटकांचा लो-पास फिल्टर घरी पिवळ्या टी५०-६ टोरॉइडवर गुंडाळता येतो, डबीसकट पाचशेच्या आत. माझी पसंती दुसऱ्याला, कारण तो एफएमबरोबर टीव्ही, वॉकीटॉकी आणि मोबाइल मनोरे सगळ्यांनाच बाहेर ठेवतो.

मध्यम लहरींचं केंद्र जवळ असेल तर उलट गरज, म्हणजे सुमारे अडीच मेगाहर्ट्झखालचं सगळं अडवणारा हाय-पास. आकाशवाणीची मध्यम लहरींची बरीच प्रक्षेपकं अलीकडे बंद झाली, त्यामुळे आधी आपल्या घरी ५३० ते १६०० किलोहर्ट्झमध्ये किती जोर आहे ते डोंगलवर पाहा. काहीच मोठं नसेल तर हे दीड-दोन हजार वाचवा.

प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी एक सक्त सूचना. पाव वॅटचे रोध किंवा रिसीव्हरचे छोटे फिल्टर ट्रान्सिव्हरच्या अँटेना-वायरमध्ये घालू नका. १०० वॅट गेले की ते जळतील, आणि सेटचं फायनलही संकटात येईल. ते फक्त ऐकण्याच्या यंत्रासाठी, किंवा ज्या सेटला रिसीव्हचं वेगळं तोंड आहे त्याच्यासाठी.

आता रिसीव्हरचे पैसे

फिल्टर लावून, गेन उतरवूनही बँड भरूनच राहत असेल, तर पुढच्या पायरीचा विचार करा. वीस ते पस्तीस हजारांच्या टप्प्यात दोन नावं येतात. एअरस्पायचा एचएफ+ डिस्कव्हरी निर्मात्याकडे १६९ डॉलरला आहे. त्यात निवडक पट्टे आत सोडणारे फिल्टर आतच आहेत आणि गेन तो स्वतः सांभाळतो. ज्याला फक्त एचएफ नीट ऐकायचं आहे त्याने जास्त विचार न करता हा घ्यावा. त्याची मर्यादा म्हणजे एका वेळी दिसणारा पट्टा अरुंद आहे. एसडीआरप्लेच्या आरएसपीडीएक्स-आर२ मध्ये १४ बिटचा एडीसी, तीन अँटेना-तोंडं, आणि मध्यम लहरी व एफएमसाठी सॉफ्टवेअरने चालू होणारे नॉच फिल्टर आहेत. दहा मेगाहर्ट्झचा पट्टा एकदम पाहायची हौस असेल तर तो बरा, पण गेनची कळ तुम्हालाच शिकावी लागेल. दोन्हींच्या छापील डॉलर किमतीवर पोस्टेज, आयात कर आणि जीएसटी धरून दीडपट पैसे बाजूला ठेवा. भारतातल्या विक्रेत्याने त्याच भावात दिला तर त्याच्याकडूनच घ्या, बिघडला तर परत पाठवायला सोपा.

हॅकआरएफ वनबद्दल फार विचारणा होते. तो १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि प्रयोगांसाठी उत्तम आहे. पण एडीसी ८ बिटचाच. बलवान सिग्नल सांभाळायला म्हणून त्यावर पैसे घालू नका.

परवाना हाती आल्यावर प्रश्न ट्रान्सिव्हरचा होतो. आयकॉमचा आयसी-७३०० २०१६ मध्ये आला आणि थेट नमुने घेणारा सेट मध्यम बजेटमध्ये आणणारा तो पहिला मोठा यशस्वी सेट. आपल्याकडे एक ते दीड लाखाच्या दरम्यान पडतो. त्याच्या पडद्यावर 'ओव्हीएफ' हा शब्द उमटला की एडीसी भरून वाहतोय असं समजा. आधी प्रीअ‍ॅम्प बंद करा, मग आरएफ गेन उतरवा, गरज पडल्यास २० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर दाबा. तेवढ्याने ९० टक्के वेळा शब्द नाहीसा होतो. 'आयपी प्लस' ही कळ एडीसीच्या पायऱ्यांवर थोडी मुद्दाम हालचाल टाकून खोटे सिग्नल दाबते, संवेदनशीलता किंचित कमी होते. ४० आणि ८० मीटरवर ती चालू ठेवायला काहीच हरकत नाही. तसं पाहिलं तर भरलेल्या बँडवर मध्यम ताकदीचे शेकडो सिग्नल हेच काम आपसूक करतात. त्यामुळे प्रयोगशाळेत दोनच सिग्नल देऊन काढलेला आकडा थेट नमुने घेणाऱ्या सेटवर थोडा अन्यायच करतो.

आकड्यांच्या संदर्भात अमेरिकेतल्या रॉब शेरवूड यांची यादी सगळे दाखवतात. १९७० च्या दशकापासून त्यांनी २ किलोहर्ट्झ इतक्या जवळच्या बलवान सिग्नलवर सेट तपासायचा आग्रह धरला, आणि त्यामुळे निर्मात्यांना सुधारावं लागलं. हे फार मोठं काम आहे. पण यादीतल्या दोन सेटमध्ये तीन-चार डीबींचा फरक आणि किमतीत लाखाचा फरक असेल, तर तो लाख टॉवर, चांगली कोअ‍ॅक्स आणि उंच अँटेनावर घाला. येसूचा एफटीडीएक्स१० सव्वा ते दोन लाखांत येतो. एडीसीच्या आधी अरुंद रूफिंग फिल्टर असल्याने जवळचा दांडगा सिग्नल त्याला कमी छळतो. एफटीडीएक्स१०१ किंवा आयसी-७६१० हे तीन-चार लाखांच्या पुढचे. ते कुणाला लागतात? गंभीर स्पर्धक, आणि ज्याच्या चारशे मीटरवर दुसरा सक्रिय हॅम राहतो तो.

त्या दुसऱ्यासाठी मात्र एक गोष्ट आधी तपासा. शेजाऱ्याचा सेट आपल्या वारंवारतेवरच कचरा टाकत असेल, तर तो कचरा खरा सिग्नल म्हणून येतो आणि जगातला कुठलाही रिसीव्हर तो काढू शकत नाही. अ‍ॅटेन्युएटर लावून पाहा: पसारा दहाच डीबी उतरला तर दोष त्याच्या प्रक्षेपणात आहे. त्याला मायक्रोफोन गेन आणि एएलसी उतरवायला सांगा. फुकटात काम होईल, आणि तोही ऋणी राहील.

शिबिरं आणि फील्ड डे

आपत्ती-संपर्काच्या सरावात एका मैदानावर तीन सेट तीन बँडवर चालतात. अँटेना पन्नास-शंभर मीटरवर. इथे ४० मीटरवाला बोलला की २० मीटरवाल्याचा एडीसी भरतो. मूळ आयसी-७३०० ला रिसीव्हचं वेगळं तोंड नसल्याने फिल्टर १०० वॅट झेलणारा लागतो. परदेशी बनावटीचा एका बँडचा फिल्टर घरी येईपर्यंत आठ-दहा हजारांच्या घरात जातो, म्हणून क्लबने तीन बँडचे मिळून विकत घ्यावेत आणि शिबिराला वाटावेत. क्लबमध्ये हात बसलेला कुणी असेल तर मोठे टोरॉइड आणि उच्च दाबाचे मायका कपॅसिटर घेऊन दोन-तीन हजारांत एक बनतो. अँटेना एका रेषेत, टोकाला टोक अशा ठेवल्या तर त्यातही बरेच डीबी फुकट मिळतात. आणि बाजूला कुणी डोंगल घेऊन बसलं असेल, तर प्रक्षेपणाआधी त्याची अँटेना काढायला सांगा. संरक्षक डायोड लावता येतात, पण बलवान सिग्नलात तेच डायोड मिश्रण करू लागतात.

जुना सेट घेताना

ट्रान्सिव्हर परदेशातून मागवण्याआधी वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगचे चालू नियम आणि आपल्या परवान्याची श्रेणी पाहून घ्या. कस्टममध्ये अडकलेल्या सेटचे पैसे आणि महिने दोन्ही जातात. देशातच हातोहात फिरणारा वापरलेला सेट बहुधा पाऊण किमतीला मिळतो. तो दिवसा पाहायला जाऊ नका, संध्याकाळी सातनंतर जा. मालकाच्या पूर्ण अँटेनावर ७.२ च्या खाली अ‍ॅटेन्युएटर आलटून-पालटून लावा. अँटेना काढून-लावून गोंगाट किती चढतो ते बघा. फरकच पडत नसेल तर जवळच्या विजेने किंवा शेजारच्या प्रक्षेपणाने पहिला टप्पा गेलेला असू शकतो, आणि त्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून आधीच वजा करायला सांगा.